तीन वाजताचा फोन

दादा, नमस्कार.

आईचा खोकला कसा आहे ते कळव. बाकी मी रागातच लिहितेय.

रविवारी मी एकटी डोंगर चढले. वर रेंज नसते, सहापर्यंत उतरेन, हे तुला आधीच कळवलं होतं. पाच चाळीसला मी पायथ्याशी होते. तू मात्र तीनलाच माझ्या ऑफिसातल्या साहेबांना फोन करून रडलास. ऑफिसातले चौघे मला शोधायला निघाले!

आज साहेब म्हणाले, "डोंगरावरच्या टॉवरचं काम दुसऱ्याला देतो. तुमच्या घरच्यांच्या जिवाला घोर नको." त्या कामासाठी मी दोन वर्षं थांबले होते. आता तूच त्यांना फोन कर आणि चूक कबूल कर.

उतरताना घसरले, गुडघा सोलवटला. तोंडून "दादा"च निघालं. हे मात्र साहेबांना सांगू नकोस.

तुझी संतापलेली,
धाकटी