नळाखालचे हात

प्रिय ठमे,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, पण शेवटपर्यंत वाच. दवाखान्यात मला समोर बघितलंस की तू वळतेस. त्याच व्हरांड्यात मी फरशी पुसते, पळून पळून पळशील किती?

तू नर्स होऊन पहिल्या दिवशी आलीस तेव्हा मी बादली सोडून बघत उभी राहिले होते. मुकादम ओरडला, बाई, पाणी सांडतंय! म्हटलं, सांडू दे, ती माझी पोर आहे. मग गरोदर बायकांवर त्या नव्या गोळीची चाचणी सुरू झाली आणि कोणाला काय त्रास होतो ते लिहून घ्यायचं काम तुला मिळालं. मी गावभर सांगत सुटले. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

शिंपीणबाई तुझ्या कागदावर चौदा नंबर आहे. तुझ्या शाळेचे झगे तिनंच शिवले, आणि तू वाढलीस तसे उसवून मोठे केले. लग्नानंतर बारा वर्षांनी दिवस राहिले होते तिला. सातव्यात तळहात खाजायला लागले, मग तळपाय. अंगावर पुरळ म्हणशील तर एक नाही. तपासणीला आली की संडासाशेजारच्या नळाखाली हात धरून उभी राहायची. म्हणायची, मावशी, सुई धरवत नाही हो. तिच्याआधी आणखी दोघी त्याच नळावर बघितल्या होत्या मी. या बायका मला सांगतात, तुला नाही सांगत, कारण तुझ्या खोलीत शेजारी सासू बसलेली असते. तू विचारतेस, काही त्रास? सासू म्हणते, छे, मजेत आहे. की झाली तुझी 'त्रास नाही'वर खूण करून.

तीनदा सांगितलं तुला. तू म्हणालीस, आई, यादीत उलटी आहे, ताप आहे, सूज आहे, खाज नाहीये. 'इतर'मध्ये लिहिलं की वेगळा लांबलचक फॉर्म भरा, लगेच वर कळवा, रक्त तपासा, मोठे डॉक्टर वैतागतात. आणि वर म्हणालीस, तू तुझी फरशी बघ. बघितली ना! नळापासून बाकापर्यंत ओली पावलं उमटलेली असायची. चप्पल काढून पाय गार करत होत्या त्या. मी ती पावलं पुसत होते आणि तू 'त्रास नाही' लिहीत होतीस.

आठव्यात तिचं बाळ पोटातच गेलं. मोठे डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. होत असेल. गोळीनंच झालं असं मी म्हणत नाही, मला काय कळतंय त्यातलं? पण ज्यांना कळतं त्यांची समिती बसते ना, गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते ठरवायला? ती शिकलेली माणसं तुझे कागद बघून ठरवतात. आणि तुझ्या कागदात अख्ख्या दवाखान्यात एका बाईचा हात खाजलेला नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून बसवलंस तू त्यांना.

आता माझं ऐक. चाचणीच्या कागदावर सही करायला शिंपीणबाई घाबरत होती. मीच म्हटलं, कर गं, माझी पोर आहे तिथं, सगळं लिहून घेते. खाज सुटली तेव्हा पहिल्यांदा मीच म्हटलं, पोट ताणलं की खाजतंच, तेल लाव. आणि तुला तीनदा सांगून झाल्यावर मोठ्या डॉक्टरांकडे जायला हवं होतं, ते गेले नाही. तुझी नोकरी डोळ्यांपुढे आली.

परवा तिच्याकडे गेले. शिलाई मशीन कापडानं झाकलेलं. वाटलं, शिव्या घालेल. नाही घातल्या. एवढंच विचारलं, मावशी, ठमीनं लिहिलं होतं ना हो? आणि चाचणीआधी सही केलेला तो कागद माझ्या हातात दिला. शेवटच्या पानावर अगदी खाली, तक्रार असेल तर फोन करा म्हणून नंबर असतो. तो कोणी वाचत नाही. मी एकेक अक्षर लावून वाचला.

फोन केला. समितीनं उद्या सकाळी अकराला बोलावलंय. अजून अकरा जणी ती गोळी घेतायत, त्यातल्या दोघी आज सकाळी नळावर होत्या. तुला विचारत नाहीये, सांगतेय. मी अकराला आत जाणार. तू दहाला जा. नळावर काय चाललं होतं ते आधी तुझ्या तोंडून कळू दे त्यांना. तू जाऊन आली असलीस तर मी माझ्या वाटणीचं सांगून येईन. नसलीस तर तुझ्याही वाटणीचं सांगेन. या एका तासासाठी एवढं लिहिलं. जास्त वेळ मागू नकोस. दुपारच्या जेवणानंतर त्या अकरा जणींची गोळी घ्यायची वेळ होते.

दहाला गेलीस तरी आणि नाही गेलीस तरी, तुझीच
आई