बद्द वाजलेली चकती

प्रिय लाछू,

जखौला थंडी पडली आणि आमचा वनवास सुरू झाला. रात्रभर दव पडतं, मिठागरांवरून उडालेलं मीठ त्यात भिजतं, आणि पहाटे विजेच्या खांबांवरची, तारा पेलणारी चिनी माती गळत्या विजेने चरचरायला लागते. वरवर पुसून भागत नाही. मीठ साचतं ते खालच्या घड्यांत, जिथे पाऊस पोचत नाही. वीज बंद करून वर चढायचं आणि एकेक घडी हाताने पुसायची. खांदे भरून आलेत. घरी येऊन रोटला थापायचाही कंटाळा येतो, खिचडी-ताकावर भागवतो. तू भुजला भावाकडे गेलीस तेव्हापासून घर नुसतं झोपायला आहे.

लग्नानंतर पहिल्यांदा डबा घेऊन आलीस, तेव्हा मान वर करून म्हणाली होतीस, "लोणच्याला घरात एक बरणी नाही, आणि इथे खांबाखांबावर बरण्या!" माझ्यासोबत खांबावर काम करणारा मावजी हसून हसून बेजार झाला. मग मी शहाणपण शिकवलं. सरळ ओळीत तार डोक्यावर घेऊन उभी असते ती खुंटीवरची बरणी. ओळ वळते किंवा संपते तिथे तार ओढ घेते, म्हणून चकत्यांची माळ. आणि खांबाला जमिनीशी बांधणाऱ्या ताणाच्या तारेच्या मधोमध ते चिनी मातीचं अंडं, वर काही बिघडलं तरी वीज खाली माणसा-म्हशींपर्यंत येऊ नये म्हणून. तू लगेच म्हणालीस, "म्हणजे सगळं सोसायचं आणि कुणाच्या नजरेतही यायचं नाही. बायकोच की!"

हल्ली मात्र तुझी एकच तक्रार होती, "तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं." आधी तुला वाटलं, मी दमलोय. मग वाटलं, मन उडालंय. आणि तू गेलीस.

सोमवारी वळणाच्या खांबावर नवी माळ चढवायची होती. वर नेण्याआधी प्रत्येक चकती लाकडाने ठोकून पाहतात, मडकं घेताना आपण वाजवतो तशी. चांगली असेल तर खणखणते, आत चीर असेल तर बद्द वाजते. मी एक ठोकली आणि "चढवा" म्हणालो. मावजी ओरडला, "वाघजीभाई, कान भाड्याने दिलेत का? बद्द आहे ही!" मी पुन्हा ठोकली. लाछू, मला ना खणखण ऐकू आली, ना बद्द. खाली मिठागरात बायका खाऱ्या पाण्यात उभ्या होत्या. ती चकती वर फुटून तार पडली असती तर?

साहेबांनी खांबावर चढणं बंद केलंय, कान तपासून घ्यायला सांगितलंय. मला इतके दिवस वाटायचं की लोकच हल्ली पुटपुटतात. तूसुद्धा पुटपुटतेस असंच वाटायचं.

म्हणून फोन न करता हे लिहितोय. दिवाळीनंतर तुझा फोन आला होता. तू बराच वेळ बोललीस, मग काहीतरी विचारलंस आणि थांबलीस. मला नुसती घरघर ऐकू येत होती. तू उत्तराची वाट पाहतेयस एवढं कळलं, म्हणून मी "हो, हो, चालेल" म्हणालो. त्यानंतर तुझा फोन नाही. मला तू घरी हवी आहेस. तेव्हा काय विचारलं होतंस ते लिहून पाठव. मी कशाला हो म्हणालो, मला खरंच माहीत नाही.

तुझाच,
वाघजी