नाटकातली परात

१२ ऑक्टोबर

अरे देवा! मी नायिका!

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकासाठी बाहेरून बोलावलेली नटी ऐनवेळी नाही म्हणाली. बाबूजी, म्हणजे माहे सासरे, मंडळाचे अध्यक्ष. जेवता जेवता म्हणतात, "बहू कॉलेजात नाटक करत होती ना? मंग तिलेच उभी करू." याच माणसानं लग्नाच्या पहिल्या वर्षी मले अंगणात डोक्यावर पदर नसला तर उभं राहू दिलं नव्हतं!

नाटकातल्या नवऱ्याचं काम आजवर बाबूजीच करत. पण सुनेसमोर सासरा नवरा कसा होणार? शिव शिव! म्हणून पवनच्या, माह्या खऱ्या नवऱ्याच्या, गळ्यात घोरपड. बाबूजी पडद्याआडून प्रॉम्प्टिंग करणार. पवनचं तोंड पाहून मी हसून हसून मेली.

१४ ऑक्टोबर

नाटक वाचलं. कपाळाले हात लावला.

शंभर वर्षं जुनं. नवरा दुसरी बाई घरात आणतो, बायको दोघांले वाढते. शेवटी तो म्हणतो चुकलो — तेही अर्ध्या ओळीत! — आणि ही परातीत त्याचे पाय धुते. वर म्हणते, "नाथ, माझं वेगळं नाव ते काय? तुमच्या नावातच ते विरघळलं."

विरघळायले काय साखर आहे का ती!

पवनले म्हटलं, तर म्हणे, "अरे यार, नाटक है. टेन्शन मत ले."

१७ ऑक्टोबर

तालीम आमच्याच अंगणात. सासूबाई दारात शेंगा सोलत बसतात आणि पाहतात. बोलत काही नाही. आईचं — मी त्याईले आईच म्हणते — तसंच आहे. चार वर्षांत त्याईच्या तोंडून 'नाही' म्हणून ऐकलं नाही मी.

आज ऐकलं! पाय धुवायच्या सीनसाठी बाबूजीनं माळ्यावरून पितळेची मोठी परात उतरवली. आई ताडकन उठल्या. "थे परात नका घेऊ. माही आहे थे."

बाबूजी हसले. "घरातलं भांडं! त्यात तुहं-माहं काय?"

घेतलीच.

१८ ऑक्टोबर

आधी हे लिहून ठेवते.

परात चिंचेनं घासली. काळं निघालं तशी काठावर अक्षरं दिसली — जिजा.

"ही जिजा कोण, आई?"

"मी."

म्हणजे आईचं खरं नाव विमलाबाई नाहीच! बापानं आंदणात परात दिली, पोरीचं नाव कोरून. पण बाबूजीच्या आईचंही नाव जिजा! आपल्या मायच्या नावानं बायकोले हाका कशा मारायच्या? म्हणून लग्नात बाबूजीनं तांदळात अंगठीनं 'विमला' लिहिलं. झालं. मिटलं!

"मंग तुम्हाले जिजा कोणीच म्हणत नाही?"

"भाऊ म्हणे, माहेरचा, परसवाड्याचा. पन जानं कुठं होते बाई? भाऊबीज आली का मंडई आली. पाहुने आले."

पवनले विचारलं. त्यालेही माहीत नव्हतं! सख्ख्या मायचं नाव! "अच्छा? जिजा?" म्हणे, आणि मोबाईल चार्जिंगले लावायले गेला. असा राग आला ना मले — परात घालावीशी वाटली डोक्यात.

२१ ऑक्टोबर

आईले सांगून टाकलं. "मी पाय नाही धुणार. परात खाली ठेवीन आणि सरळ निघून जाईन स्टेजवरून. होऊ दे काय व्हायचं ते."

"खरंच करशीन?"

"तुमची शप्पथ."

आई हसल्या. खळखळून! समोरचा एक दात नाही त्याईले, आज दिसलं मले.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. आई यंदाही परसवाड्याले गेल्या नाही. पाहुण्यांचे वडे तळून राह्यल्या.

२७ ऑक्टोबर

काल मंडई झाली. लिहवत नाही, पण लिहीन.

मंडप गच्च. आई पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून, सतरंजीवर ताठ बसलेल्या. पूर्ण नाटकभर माहं काम चांगलं झालं. शेवटचा सीन आला. परात खाली ठेवली. वळली. दोन पावलं टाकली सुद्धा!

तेवढ्यात पडद्याआडून बाबूजी — "पाय! बहू, पाय!"

पवन एक पाय पुढं करून उभा, घामानं मिशी एका बाजूनं सुटलेली, ओठांनी 'प्लीज, प्लीज' चाललेलं.

आणि माहे गुडघे वाकले. आपोआप! कोणी हात नाही लावला मले. मी बसली. पाय धुतले. 'विरघळलं' म्हणाली. टाळ्या, शिट्ट्या! माइकवर पुकारलं — "पवनभाऊच्या मिसेसले खास बक्षीस!" अपेक्षा नाव आहे माहं. कोणाले विचारावंसंही वाटलं नाही.

पहिल्या रांगेत पाहिलं. आई उठून गेल्या होत्या.

२८ ऑक्टोबर

सकाळी चहा मांडलेला नाही. बाबूजी ओरडून राह्यले, "विमला! ओ विमला!"

आई नाहीत. त्याईची पिशवी नाही. धुऊन ओट्यावर पालथी घातलेली परात — तीही नाही!

शेजारच्या चंपाबाईनं सांगितलं, "परसवाड्याच्या बसमंधी बसली ना. काखेत परात. म्या इचारलं, कुठं? तं नुसती हसली."

बाबूजी खाटेवर मटकन बसले. "गेली? मले न विचारता?" इतकी वर्षं स्टेजवर उभा राह्यलेला माणूस, असं तोंड कधी करता आलं नसेल. मग सावरले. "येईन थे संध्याकाळच्या बसनं. जाते कुठं!"

२९ ऑक्टोबर

नाही आल्या.

मले आनंद झाला. मग रडली. जे मी खोटं खोटं करू शकली नाही, ते त्याईनं खरं करून टाकलं!

३० ऑक्टोबर

बाबूजी म्हणाले, "तू लाव फोन. तुहं ऐकन थे."

लावला, स्पीकरवर. आईच्या भावाची नात बोलली. मी म्हटलं, "विमलाबाईले दे."

"कोन विमलाबाई? इथं कोनी विमलाबाई नाही."

बाबूजीचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "जिजाबाईले दे मग."

"जिजाआजी? हौ, आहे ना! देतो. आजीऽऽ, फोन!"

बाबूजीनं फोनसाठी हात पुढं केला. मी फोन मागं घेतला. "पहिले नाव घ्या त्याईचं."

बाबूजीचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. माह्याकडं पाहत राह्यले.

मी प्रॉम्प्टिंग केलं नाही.