खरखरीखालचा आवाज

सोमवार, ४ मार्च

मर्सा झितूनला आले आणि आल्या आल्या गाव आवडून टाकलं. स्फाक्सहून भाड्याच्या टॅक्सीत सात माणसं, दोन कोंबड्या आणि मांडीवर माझी मोजमापाची पेटी. शेजारच्या बाईंनी पेटीत काय आहे ते तीनदा विचारलं. शेवटी मी सांगितलं, यंत्रांचं ऐकणारे कान आहेत. मग त्यांनी उतरेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

औषधवाल्याच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. खिडकीतून समोरच गोदी दिसते, एक लालभडक पोटाचं मालवाहू जहाज कोरड्या धक्क्यात उभं आहे. घरमालकिणीने संत्री आणून दिली आणि लग्न झालंय का विचारलं. नाही म्हटल्यावर आणखी दोन संत्री दिली.

कामही मनासारखं आहे. गोदीत चौदा वेल्डिंग मशिनं आहेत. ती सुरू झाली की हवेत विजेचा नुसता कालवा होतो. क्रेनचा रिमोट मध्येच मान टाकतो, वजनाचा काटा चाळीस टनांचे सत्तर दाखवतो आणि वॉकीटॉकीवर खरखरीशिवाय काही येत नाही. विमावाल्यांनी अट घातली आहे, तेव्हा मॅनेजरला ही खरखर सहा आठवड्यांत बंद हवी. मला वाटतं, चार पुरतील.

बुधवार, ६ मार्च

दोन दिवस नुसतं मोजत हिंडले. कुठल्या मशिनच्या जवळ किती, क्रेनखाली किती, ठिणगी पेटताना किती. वेल्डर लोक लांबून गंमत बघतात. एकजण म्हणाला, इंजिनीयरबाई आमच्या ठिणग्यांना मुसक्या बांधायला आल्यात. क्रेनवाला लझार वरून ओरडला की आधी तुझ्या तोंडाला बांधतील.

वेल्डरांचे मुकादम सी आमर; सी म्हणजे इथलं ‘श्रीयुत’. साठीला आलेले, भुवया जळून विरळ झालेल्या. मला पहिल्याच दिवशी पोरी म्हणाले. कुठली केबल कुठून गेलीय ते डोळे मिटून सांगतात. मदत सगळी करतात, पण सारखं विचारतात, पूर्ण बंद कशाला करायची खरखर? थोडी राहू दे. मी म्हटलं, सी आमर, अर्धी आंघोळ कोण करतं? ते हसले नाहीत.

दुपारी खानावळीत लबलाबी, म्हणजे पाव-चण्यांचा रस्सा. हरीसाची लाल चटणी इतकी की कानातून वाफ आली. वाढणाऱ्या खाला (म्हणजे मावशी) हद्दा कुणाशी बोलत नाहीत. भांड्यात पाव कुस्करतात, वर चणे ओततात, पुढचं भांडं घेतात.

सोमवार, ११ मार्च

काम सोपं आहे, फक्त कुणी कधी केलं नव्हतं. जाणारी केबल एकीकडून आणि परतीची दुसरीकडून, मध्ये वीस-वीस हात मोकळी जागा. असं अंगण सोडलं की ती जोडी अँटेनासारखी वागते आणि सगळ्या गोदीला ऐकवत बसते. म्हणून दोन्ही केबली जवळ आणून दर हातभर अंतरावर पट्टीने बांधल्या, जास्तीची लांबी कापली, वेटोळी उलगडून जमिनीलगत टाकली. परतीचा चिमटा जहाजाच्या दुसऱ्या टोकाला लावायचे, तो वेल्डिंगच्या अगदी जवळ आणला. मशिनांच्या बॉडी एकमेकींना आणि जमिनीला जोडल्या. तीन जुन्या मशिनांतली ठिणगी पाडणारी फट वाजवीपेक्षा रुंद झाली होती, ती कमी केली.

खरखर निम्म्यावर आली. लझारला आज पहिल्यांदा वॉकीटॉकीवर शिवी स्पष्ट ऐकू आली. त्याने ती पुन्हा द्यायला लावली.

शुक्रवार, १५ मार्च

क्रेनच्या कंट्रोल केबलींवर जाळीचं आवरण चढवलं, दोन्ही टोकांना खरखर शोषणारी काळी कडी बसवली, वेल्डिंगच्या वीजपुरवठ्याला फिल्टर लावले. काटा चाळीसचे चाळीसच दाखवतो. लझारने मक्रूदचा, खजुराच्या मिठाईचा, पुडा आणला.

एक गोष्ट राहिली. अकरा वीसला वॉकीटॉकीवर काहीतरी उरतं. बारीक, तुटक, थांबून थांबून. साधारण अकरा एकतीसपर्यंत. पाच दिवसांचे आलेख एकावर एक ठेवले, जागा तीच. कुठलं तरी एक मशिन बदमाशी करतंय.

सोमवार, १८ मार्च

आज सव्वाअकराला सी आमरना सांगून एकेक मशिन बंद करवलं. नऊ, दहा, अकरा, बारा. चौदाही बंद. क्रेन बंद. मुख्य स्विचही खाली ओढला.

अकरा वीसला ते आलंच.

भर उन्हात सगळी गोदी गप्प उभी होती आणि माझ्या हातातल्या वॉकीटॉकीत ते तुटक चालू होतं. मी घाबरले नाही. मला नवल वाटलं ते माणसांचं. चाळीस माणसांपैकी एकानेही विचारलं नाही की हे काय आहे. सगळे बुटांकडे बघत होते. अकरा एकतीस झाल्यावर कुणी न सांगता मशिनं सुरू झाली.

गुरुवार, २१ मार्च

ऑफिसातल्या मुख्य सेटची अँटेना बदलली. तिची तार भिंतीतल्या वीजवाहिन्यांपासून दूर नेली. आता ती गोष्ट खरखर राहिली नाही. माणूस आहे.

लिहून घेतलं ते असं: क्रेन, क्रेन. मोंजी बोलतोय. चार नंबरची टाकी. झाकण उघडा. ऐकू येतंय का?

मग श्वास. मग पुन्हा तेच. अकरा मिनिटं.

मला वाटलं होतं, अंगावर काटा येईल. आला नाही. मी आलेखावर तारीख घातली, सही केली आणि जेवायला गेले.

शुक्रवार, २२ मार्च

सी आमर सकाळी स्वतः माझ्या खोलीत आले, दार उघडं ठेवून बसले. मोंजी वेल्डर होता. सहा वर्षांपूर्वी एका जहाजाच्या तळटाकीत एकटा काम करत होता. नळी फाटून वेल्डिंगचा गॅस टाकीत भरला. त्याला वास नसतो, तो दुखवत नाही, फक्त श्वासातली हवा काढून घेतो आणि माणसाला झोप येते. वरून दुसऱ्या टोळीने टाकी रिकामी समजून झाकणावर लोखंडी पत्रा ठेवला. मोंजीकडे वॉकीटॉकी होता. अहवालात लिहिलं गेलं की त्याने मदत मागितलीच नाही, नियम मोडून आत झोपला. तेव्हापासून प्रत्येकाच्या छातीवर प्राणवायूचा मीटर असतो. चांगल्या हवेत तो २०.९ टक्के दाखवतो, १९.५च्या खाली गेला की वाजतो.

मी विचारलं, त्याने मागितली होती का?

सी आमरनी कमरेचा वॉकीटॉकी काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "खरखरीत शब्द होते, पोरी. मला कळलं होतं की शब्द आहेत. चौदा मशिनं चालू, कान किटले होते. मी आवाज बारीक केला आणि घड्याळ बघितलं. जेवणाला किती वेळ आहे ते बघायला."

पुढच्याच महिन्यापासून तो यायला लागला. मशिनं चालू असली की झाकला जायचा. म्हणून अकरा वाजता सगळी मशिनं चालू ठेवायची, असा त्यांनी नेम केला होता. सहा वर्षं.

जाताना म्हणाले की खाला हद्दा मोंजीची बायको. तिला सांगू नकोस.

सोमवार, २५ मार्च

सांगितलं. सहा वर्षं ती याच लोकांना वाढते आहे आणि समजते आहे की नवरा कामावर झोपला.

अकरा वाजता एप्रनला हात पुसत आली. खुर्ची दिली तर बसली नाही. सी आमर दाराशी उभे होते. अकरा वीसला आवाज आला. हद्दा मान तिरपी करून ऐकत होती, दूध उतू जातंय का ते ऐकावं तशी. रडली नाही. एवढंच म्हणाली की हा तोच, बोलताना मध्ये नाक ओढतो.

पाचव्यांदा त्याने ऐकू येतंय का विचारलं तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"उत्तर दे त्याला," म्हणाली. "माझ्याच्याने होणार नाही. कुणीतरी दे."

मी बटण दाबलं. म्हणाले, मोंजी, ऐकू येतंय. आम्ही येतोय.

पलीकडे शांत झालं. अकरा चोवीसलाच. हद्दाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाताला कांद्याचा वास होता. मग ती चणे बघायला गेली. सी आमर मात्र भिंत धरून खाली बसले. म्हणाले, येतोय असं का म्हणालीस?

मंगळवार, २६ मार्च

अकरा वीस. त्याने आज क्रेनला हाक मारली नाही. विचारलं, कुठवर आलात?

मी बटण दाबलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. आवाजात राग नाही. वाट बघणाऱ्या माणसाचा आवाज.

तेवढ्यात माझ्या छातीवरचा मीटर वाजला. १९.२. खिडक्या उघड्या, समुद्राचा वारा आत. मीटर बदलला. दुसराही १९.२. सी आमरच्या छातीवर २०.९. आम्ही एकाच टेबलाशी होतो.

बुधवार, २७ मार्च

१७.१. धक्क्यावर, उघड्यावर उभी राहून बघितलं, तेच. जिना चढताना दोनदा बसले. बोटांची टोकं बधिर. टोचून बघितलं, रक्त आलं, दुखलं नाही.

कुठवर आलात?

भीती वाटायला हवी होती. ती कुठेतरी आहे, शेजारच्या घरात कुणी बोलत असावं तशी.

गुरुवार, २८ मार्च

सी आमरनी वेल्डर बोलावले. तो पुन्हा झाकला जावा म्हणून माझं सगळं काम उलटं केलं. केबली सोडल्या, पसरल्या, फिल्टर काढले, कडी काढली. चौदाही मशिनं एकदम. रिमोट मेला, काटा सत्तरवर. लझार क्रेनवरून उतरून आला आणि त्यानेही होल्डर हातात घेतला. 

खरखर कानठळ्या बसवणारी. तो तिच्यावरून आला. स्वच्छ. आता खाली नव्हताच तो —

१४.८. ओठ निळे आहेत, हद्दा म्हणाली. तिने सेटवर त्याला विनवलं की मुलीला सोड. त्याला तिचा आवाज पोचत नाही. त्याला फक्त मी —

अक्षर वाकडं येतंय. झोप येते. गोड.

शुक्रवार, २९ मार्च

१२. हे सी आमरनी धरून लिहवलं — नाही, मीच. त्यांनी हात धरला.

अकरा वीस. कुठवर आलात. सी आमरनी माझ्या हातातून सेट काढून घेतला. म्हणाले, "मोंजी, मी आमर. त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. पोरीला सोड. मी येतो."

पलीकडे नुसता श्वास. मग, कुठवर आलात?

सी आमर म्हणाले, जिन्याशी. टोपी टेबलावर ठेवली. गेले. मला उठता येईना. खिडकीतून दिसत होतं — लाल जहाज बुधवारी पाण्यात गेलेलं, कोरडा धक्का पाणी उपसून रिकामा, पांढरं ऊन. ते धक्क्याच्या तळाचा जिना उतरले. मधोमध गेले. बसले. बोलत होते सेटवर. मग मान —

माझा मीटर. १६. १९. २०.९.

शनिवार, ३० मार्च

लझार सगळ्यांत आधी पोचला. उघड्या आभाळाखाली बसलेले, ओठ निळे. छातीवर ४. डॉक्टरने हृदय लिहिलं. दुपारी पुरलं. हद्दाने सगळ्यांना कुसकुस वाढला, मलाही. मी खाल्ला. चव कळली नाही.

हद्दा म्हणाली की काल तिला झोप लागली. सहा वर्षांनी.

सोमवार, १ एप्रिल

केबली पुन्हा बांधल्या. फिल्टर लावले. मॅनेजर खूश आहेत. खरखर शून्य.

११.२०. मोंजी नाही.

दुसरा आवाज. म्हातारा. क्रेन, क्रेन. आमर बोलतोय. धक्क्याच्या तळाशी. झाकण —

तिथे झाकण नाही. आभाळ आहे. त्यांना झाकण दिसतंय.

वेल्डर दारात उभे. कुणी आत येत नाही. कुणी मशिनाकडेही जात नाही. हद्दा आली. तिने सेटकडे बघितलं, मग माझ्याकडे. या वेळी तिने उत्तर दे म्हटलं नाही.

११.२६. पोरी, ऐकू येतंय का?

उत्तर दिलं तर काय होतं ते ठाऊक आहे. नाही दिलं तर तेही —

११.२९. मीटर २०.९. श्वास मोजतायत ते. मला आकडे ऐकू येतायत. पोरी, फक्त एवढं सांग की —

११.३०. माझं बोट बटणा