दोन्ही हात स्टिअरिंगवर

मंगळवार, रत्नागिरी

आज सुनंदा माझ्या गाडीत बसली. गेल्या वर्षी फोनवर बोलता बोलता मी गाडी गटारात घातली, तेव्हापासून ही संगमेश्वरला माहेरी एसटीनेच जायची. दोष माझाच. मुलीने हट्टाने गाडीत फोन जोडायचा स्क्रीन बसवून दिला, तेव्हा कुठे तयार झाली.

हातखंब्याजवळ मुलीचाच फोन आला. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं, दोघंही बोललो. हात जागेवर. बरं वाटलं. आणि पुढे देऊळ दिसताच माझे दोन्ही हात जोडले गेले.

"अहो, हात," ती ओरडली. मी स्टिअरिंग धरल्यावर म्हणाली, "फोनला हात लावत नाही, आणि देवापायी गटारात नेणार. देवाला हँड्सफ्री चालत नाही?"

हसू आलं, लाजही वाटली. इतकी वर्षं हेच करतोय मी? वाटलं, येताना ही पुन्हा एसटीनेच येणार.

पण संध्याकाळी परतताना गाडीत पुढेच बसली. तेच देऊळ आलं. मी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. तिने हात जोडले, डोळे मिटले. "तुमचापण केला नमस्कार. समोर बघा."

मग तिने डोळे उघडलेच नाहीत. घर येईपर्यंत शेजारी शांत झोपली होती.