डाव्या हाताचा साचा

थोरले भाऊजी,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण गुडघे वाकत नाहीत, आणि खरं सांगू का, मनही वाकत नाही. तेव्हा बसल्या जागेवरून नमस्कार.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, मग आजच हिला काय आठवलं, असं म्हणाल. माझी शाळा चौथीपर्यंत. सई म्हणते, आजी, तुझ्या वेलांट्या शेपटीसारख्या हलतात. हलू देत. आज लिहिल्याशिवाय घास उतरायचा नाही. सकाळपासून दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा मीच प्यायले, इतकी खूश आहे. तुमचं बिंग फुटलं, भाऊजी! आपल्याच दुकानात, तुमच्याच फोटोखाली.

सई म्हणजे माझ्या थोरल्याची मुलगी. तुमची मुलं पुण्याला गेली, दुकानाला कुलूपच लागलं असतं, पण ही पोरगी आयटीआय करून आली आणि बसली विहिरीवरच्या मोटारींत नवी तार भरायला. अजूनही निफाडकडून, देवळ्याकडून जळालेल्या मोटारी येतात. बागेला पाणी द्यायच्या दिवसांत तर दारात ओळ लागते. पहिल्यांदा येणारा विचारतो, मिस्तरी कुठंय? ती म्हणते, समोर उभीय ती कोण दिसते? आणि भाऊजी, सई डावरी आहे. माझ्यासारखी!

तुम्हाला आठवतो का माझा डावा हात? मी येवल्याची, माहेरी पैठणीच्या मागासाठी कांड्या भरायचे. रेशीम तुटू न देता कांडीवर गुंडाळायचं म्हणजे चेष्टा नाही. माझे वडील म्हणायचे, हात कुठला का असेना, कांडी घट्ट पाहिजे. आणि सासरी आले तर सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, या हाताने वाढायचं नाही, देवाच्या फुलाला लावायचा नाही. म्हाताऱ्या माणसाचं मी मनावर घेतलं नाही. पण तुम्ही? एकदा भर उन्हात तुम्ही पाणी मागितलंत, माझ्या कडेवर बाळ, म्हणून तांब्या डाव्या हाताने पुढे केला. तुम्ही अंगणात पाणी ओतून दिलंत. म्हणालात, "डाव्या हाताचं मी घेत नाही."

पाणी घेत नव्हता. साचा मात्र घेतलात!

तेव्हा तुम्ही दोन खिळ्यांवर तार गुंडाळायचा. एक वेटोळं सैल, एक घट्ट. मोटार चार दिवसांत परत दारात, आणि तुम्ही शिव्या द्यायचा विजेला. मी स्वयंपाकघरातून बघायचे. मला वाटायचं, अहो ही तर कांडीच आहे, फक्त तांब्याची. मग मी तडकलेला पोळपाट घेतला, भंगारातलं सायकलचं पायडल, आणि छत्रीची एक काडी. ती काडी अशी बसवली की एका वेढ्याला एकदा टक वाजायचं, आणि उलटं फिरवलं तर अडायचं. मोजायला नको, कान दिला की झालं. फिरवायचं हँडल म्हणून पायडल बसवलं डाव्या अंगाला. दुसरीकडे कुठे बसवणार? माझा हात तोच.

त्या साच्यावर मी किती मोटारी भरल्या असतील, देव जाणे. पोत्याच्या पडद्यामागे. गिऱ्हाईक आलं की तुम्ही खोकायचा आणि मी टकटक बंद करायचे. बाहेर तुम्ही सांगायचा, साचा मी केलाय, डोकं लागतं त्याला. तुमच्या भावाला सगळं माहीत होतं. मी त्यांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "दुकान दादाचं आहे, इंदू." चांगला माणूस होता हो, पण तोंडाला कुलूप.

आणि मग तो तारेच्या कंपनीचा साहेब आला, शाल आणि नारळ घेऊन. म्हणाला, जरा फिरवून दाखवा. मी पडद्याच्या भोकातून बघत होते. तुम्ही उजव्या हाताने फिरवलंत, काडी अडली, तार मुरगळली. मी पदर तोंडात कोंबला! तुम्ही म्हणालात, मनगट लचकलंय. आणि साचा मांडीवर घेऊन फोटो काढलात. तोच फोटो भिंतीवर. हार त्यालाच.

आता कालचं ऐका. गंगापूर रोडचा एक चाळिशीचा दाढीवाला आला. खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं, त्यात करदोड्याहून बारीक तारेचं वेटोळं. सईला म्हणाला, हे गुंडाळायला काही करून द्या, स्क्रूड्रायव्हरवर गुंडाळतो तर वेडंवाकडं होतं. मी विचारलं, कशाला लागतं? तर धूर ओढायला! विजेवरची सिगारेट, तिच्यावर बंदी आहे म्हणे, म्हणून लोक घरीच तारा गुंडाळतात. तुम्ही असतात तर पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच.

पण वेटोळं बघून माझी बोटं शिवशिवली. सायकलच्या चाकातल्या आरीचं एक टोक वाकवून दांडा केला, कपड्याच्या चिमट्यात अडकवली, तारेचं टोक धरायला सेफ्टी पिन. चहा उकळेपर्यंत तयार. मी फिरवून दाखवलं, वेढ्याला वेढा चिकटून बसला. त्याने घेतलं, उजव्या हाताने फिरवलं, सगळे वेढे सुटले. पुन्हा फिरवलं, पुन्हा सुटले. म्हणाला, "आजी, हे उलटं आहे." मग मान वर करून तुमच्या फोटोकडे बघत राहिला.

"मांडीवरचा तो साचाही उलटाच दिसतोय, हँडल डावीकडे. ते आजोबा डावरे होते का?"

सई म्हणाली, नाही, उजवे होते.

"मग साचा कुणाचा?"

भाऊजी, मी काही बोलले नाही हो. शप्पथ. माझ्या डाव्या हातात चहाची कपबशी होती, तेवढीच. सईने फोटोकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. माळ्यावर चढली, तो जुना साचा काढला, धूळ पुसली आणि डाव्या हाताने फिरवला. टक. टक. टक. तिचे डोळे भरले आणि मला वेड्यासारखं हसू येत होतं.

दाढीवाल्याला नवं यंत्र हवं होतं. मी म्हटलं, डाव्या हाताने वीस वेढे घालून दाखव आणि घेऊन जा. चार वेढ्यांत दमला. वर मी सांगितलं, हे फोटोतले रोज दोन बंडल बिड्या ओढायचे, शेवटी तीन महिने बसून झोपले, खाली पाठ टेकवता येईना. गेला बिचारा तसाच. यंत्र तुमच्या फोटोखालच्या खिळ्याला टांगलंय. सईने साच्यावर रंगाने माझं नाव घातलं. मी म्हटलं, इंदू नको, इंदूबाई घाल.

पोरगी म्हणाली, आजी, फोटो काढून टाकू का? छे! काढायचा कशाला? तुम्ही तिथेच राहायचं. येणारा प्रत्येक जण विचारणार, हँडल डावीकडे का, आणि सई सांगणार. तुम्ही मांडीवर साचा घेऊन ऐकायचं. आता मध्येच खोकता येणार नाही.

आणि हार उद्यापासून मी घालणार. अगदी रोज, खाडा नाही, हा माझा शब्द. झेंडूचा, ताजा, स्टुलावर चढून, गुडघे दुखले तरी. डाव्या हाताने.

ओतून दाखवा आता.

तुमची धाकटी भावजय,
डावरी इंदूबाई