रिकाम्या वर्गाच्या निकषावर सही न करण्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
संगणक शाखा, परीक्षा विभाग.

विषय : यंत्रतपासणीच्या निकषपत्रावर सही नाकारणे व एका विद्यार्थिनीस उत्तीर्ण करणे याबाबत.
संदर्भ : सही करण्याविषयी आपले ताजे स्मरणपत्र.

महोदय,

मी प्रोग्रॅमिंग शिकवतो व निकष समितीचा सदस्य आहे. आपली सर्व स्मरणपत्रे पोहोचली. सही केलेली नाही, करणारही नाही.

१. वर्गाच्या गुणांची सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहा, असा प्रश्न होता. बरोबर उत्तर कोणते हे उत्तरे तपासणाऱ्या यंत्राला कळावे म्हणून विभागप्रमुखांचा नमुना प्रोग्रॅम चालवला आणि तो जे दाखवील तेच प्रमाण मानले. वर्गात एकही विद्यार्थी नसेल तर हा नमुना शून्याने भागायला जातो व बंद पडतो. यंत्राने 'बंद पडणे' हेच बरोबर उत्तर धरले. वर समितीने ही चाचणी कठीण म्हणून अनिवार्य केली; तीत चुकला तो नापास. माझा विरोध इतिवृत्तात आहे.

२. बाकी वर्गाने प्रमुखांच्याच नोट्स उतरवल्या. सगळ्यांचे प्रोग्रॅम बंद पडले, तात्पुरत्या निकालात सगळे पास. एकीने डोके चालवले. तिचा प्रोग्रॅम 'वर्गात कोणी नाही' असे सांगून शहाण्यासारखा थांबतो. ती नापास. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

३. तिने फेरतपासणी मागितली; ती त्याच यंत्राने केली. नंतर आपल्या कार्यालयाने तिला लेखी कळवले की, पुढील वेळी प्रोग्रॅम योग्य ठिकाणी बंद पडेल याची दक्षता घ्यावी. ते पत्र घेऊन ती प्रयोगशाळेत आली आणि म्हणाली, "सर, नीट लिहिलं हीच चूक झाली का माझी?" महोदय, मला याचा अतिशय राग आला आहे व तो या अर्जात लपवलेला नाही.

४. प्रमुखांचा मान राखावा, असे मला खाजगीत सुचवण्यात आले. मान जरूर राखीन, पण त्यापायी एका मुलीचे वर्ष बुडवणार नाही.

तरी ही चाचणी रद्द करून तिला उत्तीर्ण करावे. ते जमत नसल्यास पुनर्परीक्षेत तिच्या शेजारच्या संगणकावर माझी बैठक व्यवस्था करावी. प्रश्न तोच द्यावा. मी तिने लिहिले तेच उत्तर लिहीन, आणि दोघांना नापास करणाऱ्या निकालावर आपण स्वतः सही करावी.

आपला नम्र, परंतु न वाकणारा,
(सही फक्त या अर्जापुरती)
सदस्य, निकष समिती

दिनांक : अंतिम निकालाचा आदला दिवस

सोबत :
१. विद्यार्थिनीचा प्रोग्रॅम, चालू स्थितीत.
२. नमुना प्रोग्रॅम, बंद स्थितीत.
३. निकषपत्र, सहीविना परत.